पदर उजव्या खांद्यावर

१८ नोव्हेंबर
पाण्याच्या फिल्टरचा माणूस आला. अकराची वेळ दिली होती, सव्वातीनला उगवला. फिल्टर उघडला, आत फुंकर मारली, बंद केला. "मॅडम, फाइव्ह स्टार द्या हां. चार दिले तर आमचा पगार कापतात." मी म्हटलं, पाणी अजून गळतंय. म्हणे, ते वेगळ्या कंप्लेंटमध्ये येतं.

ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पाच तारे देऊन टाकले. हे सगळ्यांनाच पाच देतात. रिक्षावाल्याला, पिझ्झावाल्याला, चुकीची दाढ उपटणाऱ्या त्या डॉक्टरलाही. "जाऊ दे ना सुनंदा, गरीब माणूस आहे." असल्या नवऱ्यांमुळेच देशातले नळ गळतात.

फिल्टरखाली टोप ठेवलाय.

२० नोव्हेंबर
काळ्या दोऱ्याचं एक रीळ घ्यायला मॉलमध्ये गेले, हीच चूक. काउंटरवरची मुलगी: "मोबाइल नंबर?" मी: "दोरा फोन करणार आहे का मला?" हसली नाही. नंबराशिवाय बिल पुढे सरकतच नाही म्हणे. शेवटी मागे उभ्या असलेल्या बाईने वैतागून स्वतःचा नंबर सांगितला. म्हणजे माझ्या दोऱ्याचे पॉइंट तिला आणि वाढदिवसाच्या शुभेच्छाही तिलाच.

घरी येऊन उजेडात पाहिलं, दोरा गडद निळा.

२१ नोव्हेंबर


बोळिंजच्या त्या काचेच्या दारांच्या किराणा दुकानात तूप आणायला गेले होते. 'आपल्या मातीतलं' अशी पाटी लावलेली एक फळी, आणि तिच्यावर सुकेळ्यांची पाकिटं. उन्हात वाळवलेली राजेळी केळी, आई वटारला साठ वर्षं करतेय तीच, आता बारकोड लावून. करा म्हटलं बापडे. एक पाकीट पालथं पडलं होतं ते सरळ केलं, तर वर आई.

माझी आई. चौऱ्याऐंशी वर्षांची. कपाळावर गोंदण, हातात सुकेळ्यांची जुडी, आणि पदर उजव्या खांद्यावर.

आईचा पदर जन्मात कधी उजव्या खांद्यावर गेला नाही. फोटो उलटा छापलाय मेल्यांनी. डावीकडे त्यांचं नाव मावावं म्हणून माझ्या आईला फिरवलीय. मागे डोंगर टाकलाय. वटारला डोंगर कुठून आला? खाली लिहिलंय 'आजीच्या हातची'.

कंपनीचं नाव या वहीत लिहिणार नाही, फुकट जाहिरात कशाला. पाकीटवाले म्हणेन.

दुकानदाराला म्हटलं, ही माझी आई आहे. तो म्हणाला, "अच्छा है ना आंटी." फळीवर होती तेवढी सगळी पाकिटं उचलली आणि विकत घेतली. एक ठेवलं नाही. तो खूश होऊन म्हणाला, इतनी पसंद आई?

तूप राहिलंच.

२२ नोव्हेंबर
पाकीटवाल्यांच्या ग्राहकसेवेला फोन. मराठीसाठी नऊ दाबा. दाबला. पुढे सगळं हिंदीत. मग एक मुलगी आली, रिया. तिचा मराठीत बोलण्याचा प्रयत्न चांगला होता, एवढं कबूल.

"मॅम, प्रॉडक्टमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"
"पदर."
"सॉरी मॅम?"
"पदर उलट्या खांद्यावर आहे. आणि बाई माझी आहे."

तिच्याकडे चारच रकाने. उशिरा आलं, फुटलेलं आलं, चुकीची वस्तू आली, पैसे परत. यातलं एक निवडल्याशिवाय तक्रार नोंदवता येत नाही. मी म्हटलं, चुकीची वस्तू लिहा. लिहिलं. मग म्हणाली, "मॅम, चुकीची वस्तू परत करायला पिकअप पाठवू का?"

आईला पिकअप.

मी स्वतः तीस वर्षं सरकारी कचेरीत तक्रार खिडकीवर बसले. मला हे खेळ शिकवू नका. पण आम्ही निदान समोर बसायचो. लोक आम्हाला शिव्या द्यायचे तर तोंडावर द्यायचे.

हे म्हणतात, फोटो छान आलाय पण. पाकीट ह्यांच्या हातातून काढून घेतलं.

२३ नोव्हेंबर
फळी पुन्हा भरलेली. दुकानदार सांगतो, माल एका दिवसात उठला म्हणून दुप्पट मागवला. आता दोन ओळी आहेत. दोन ओळी आया, सगळ्यांचे पदर उजवीकडे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

वर फोनवर मेसेज: 'सुनंदा, तुम्ही आमच्या खास ग्राहक आहात!'

२४ नोव्हेंबर
वटारला जाऊन आले. माझा भाऊ सुरेश वाडी बघतो, आई त्याच्याकडे. त्याला विहिरीपाशी गाठून पाकीट दाखवलं. त्याला काही माहीत नव्हतं, किंवा नसल्यासारखं केलं. "कोणीतरी येऊन फोटो काढून गेला असेल, हल्ली रविवारी लोक वाडी बघायला येतात." आईला कळता कामा नये, असं दोघांचं ठरलं. पाकीट त्याच्या स्कूटरच्या डिकीत.

आई मांडवाशीच. पावसाळ्यानंतरचा पहिला घाणा. सोललेली केळी बांबूच्या मांडवावर पसरलेली, दर दोन तासांनी उलटायची, ऊन कललं की गोळा करून झाकायची. सात दिवस. मग वाळल्या केळीच्या पानात गुंडाळून सोपटाने, म्हणजे केळीच्या खोडाच्या सालीने, बांधायची. मला यातलं काही येत नाही. मी खिडकीवर होते.

पहिली जुडी विकायची नाही, हा आमच्या घरचा नेम. वर्षभरात ज्या घरी मयत झालं त्या घरी ती जाते. दुखवट्याच्या घरात गोडाचं करत नाहीत, तिथे गोड बाहेरून यावं लागतं. आईच्या सासूच्या आधीपासून चालत आलंय. यंदा कुणाकडे ते आईने आधीच ठरवलेलं. कुसुमताई. आईच्या माहेरच्या आळीतल्या, आता आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये ४०२ला मुलाकडे राहतात. सप्टेंबरात त्यांचे यजमान गेले.

"तूच नेऊन दे," आई म्हणाली. "हातात दे. टेबलावर ठेवून येऊ नको."

माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होती. ऊन डोळ्यावर येत असेल.

२७ नोव्हेंबर
पाकीटवाल्यांची मेल. 'आम्हाला तुमच्या भावना समजतात.' कुणाला? कोण समजतंय? खाली सही 'टीम आनंद'. 'तुमच्या तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.' त्याखाली त्यांच्याच मालावर सवलतीचं कूपन.

ह्यांनी कूपन जपून ठेवलंय. मी पाहिलं.

३० नोव्हेंबर
सकाळी सुरेश जुडी देऊन गेला. मी अंघोळ करून, साधी पांढरी साडी नेसून ४०२ला गेले. आईने हातात दे म्हटलं होतं.

कुसुमताई आत झोपलेल्या. बाहेर सून, लॅपटॉपवर. टीपॉयवर तीन खोके रचलेले, पांढरी रिबीन लावलेली. खोक्यावर आई. खोक्याचं नाव 'पहिली जुडी'. खाली: 'दुःखाच्या क्षणी आपुलकीचा गोडवा. आता घरपोच.'

मी तिथेच सोफ्यावर बसले.

सून म्हणाली, "अय्या काकी, तुम्ही पण तेच आणलंत? ऑफिसमधून दोन आले, मामेसासऱ्यांनी एक पाठवला. हल्ली सगळे हेच पाठवतात, बरं असतं. पण तुमच्याला पॅकिंग नाही का? एक्सपायरी कुठे बघायची?" आणि माझ्या हातातून जुडी घेऊन फ्रिजवर ठेवली. मुलगी वाईट नाही. तिला काय माहीत.

खोक्याच्या मागे मजकूर. चष्मा लावून वाचला. 'दुःख झालेल्या घरी पहिली जुडी देणारी आमची आजी. ज्या वर्षी आजोबा गेले, त्या वर्षी जुडी आणून देणारं गावात दुसरं घरच नव्हतं. मग आजीने ती आपल्याच उजव्या हाताने आपल्याच डाव्या हातात दिली.'

हे खरं आहे. हे अक्षरशः खरं आहे. बाबा गेले त्या वर्षी संध्याकाळी आई मांडवाखाली एकटी बसली होती आणि तिने हेच केलं. मी विहिरीवरून पाहिलं. आईला वाटलं कोणी नाही.

मग पाकीटवाल्यांना कुणी सांगितलं?

१ डिसेंबर
खाली गेटवर वॉचमन. "मॅडम, वो पत्तेवाला केला आपके गाँव का है क्या? ४०२वाली भाभीने दिया. बहुत मीठा था. मेरे गाँव में भी माँ ऐसे पत्ते में बाँधती थी, गुड़."

त्याच्यावर राग धरता येईना. खाऊन तृप्त झाला होता बिचारा. पण पहिली जुडी कुसुमताईंनी पाहिलीसुद्धा नाही, आणि तीन खोके अजून टीपॉयवर.

आईचा फोन. "दिली का कुसुमला? खाल्लं का तिनं?"

"हो," म्हटलं. "आवडलं."

३ डिसेंबर
रियाचा फोन. "मॅम, आम्ही चेक केलं. फोटो आणि स्टोरी आमच्याकडे परमिशननेच आली आहे. कॉपी मेल केली."

मेल उघडली. दोन वर्षांपूर्वीची 'तुमच्या घरची चव, तुमची गोष्ट' नावाची स्पर्धा. प्रवेशिका. फोटो, सरळ, पदर डाव्या खांद्यावर, मागे डोंगर नाही, आमची गुरांची पत्र्याची शेड. नाव माझं. मजकूर माझा, एकूण एक शब्द; खोक्यावर फक्त आईची आजी आणि बाबांचे आजोबा केलेत. खाली चौकोन: 'मी अटी वाचल्या असून मला मान्य आहेत.' चौकोनात टिक.

"मॅम, टिक आपणच केली आहे ना?"

फोन ठेवला.

आता सगळं आठवतंय. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं. ते उजव्या हाताचं डाव्या हाताचं कुणाला तरी सांगायचं होतं. ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते जाऊ दे ना. सुरेशला सांगितलं असतं तर रडला असता. पाकीटवाल्यांनी लिहिलं होतं, 'तुमची गोष्ट आम्हाला ऐकायची आहे.' ऐकायचंय म्हटल्यावर बसले आणि एका दमात लिहून पाठवलं. नंबर आला नाही. भाग घेतल्याबद्दल एक स्टीलचा डबा आला, बरा होता म्हणून वापरायला काढला, आणि विसरले.

कुंपणानेच शेत खाल्लं.

४ डिसेंबर
डब्याच्या बुडाशी त्यांचं नाव कोरलंय. दोन वर्षं त्यात तूरडाळ ठेवतेय. डाळ दुसऱ्या डब्यात काढली. हा भंगारात टाकायला दारापर्यंत नेला, परत आणून ओट्यावर ठेवला. पाच ताऱ्यांचा नवरा विचारतो, झालं काय. काही नाही म्हटलं.

७ डिसेंबर
आज दिवसभर एक म्हातारे डोळ्यांसमोर. आगाशीचे होते, मी नोकरीत नवी असतानाचे. त्यांच्या नावावर कुणीतरी दुसऱ्याने काहीतरी घेतलं होतं आणि सही त्यांची होती. चार वेळा आले. खिडकीपाशी वाकून म्हणायचे, "बाई, मी सही केली, पण मला असं होईल हे सांगितलं नव्हतं." मी कागद उलटा करून मागच्या बारीक अटींवर बोट ठेवायचे. "वाचल्या का? सही तुमचीच आहे ना?" किती खणखणीत आवाज होता माझा. कचेरीत कौतुक व्हायचं, सुनंदाबाई कुणाला पाच वेळा बोलायला लावत नाहीत.

पाचव्यांदा ते आले नाहीत. मी तेव्हा सुटले म्हटलं.

मी स्वतः आयुष्यात एकाही अर्जाचं मागचं पान वाचलेलं नाही. कधीच नाही. फक्त बोट कुठे ठेवायचं ते माहीत होतं.

११ डिसेंबर
या वेळी रिया नाही, कोणी एक 'ब्रँड टीम'मधला. आवाजात लोणी. "आंटी, सगळ्यात आधी थँक यू. तुमच्या स्टोरीने लोक रडतात." मी म्हटलं, मलाही रडवलंय, पुढे बोला.

पाकिटावरून फोटो काढून टाकायचा तर टाकू म्हणाला. पण चेहरा आजींचा, म्हणून अर्ज आजींच्या सहीने हवा. मी म्हटलं, छापताना त्यांची सही लागली नाही, काढताना लागते? तो म्हणाला, "प्रोसेस आहे आंटी." आणि लगेच दुसरंच. काढण्यापेक्षा पुढे का नेऊ नये? आजींवर छोटी फिल्म. मांडव, ऊन, आजींचे हात. "ते उजव्या हातातून डाव्या हातात देतात ना, तो शॉट आम्हाला हवाच आहे."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. हे बाहेरच्या खोलीतून धावत आले.

त्याने तरीही शांतपणे दोन्ही कागद पाठवतो म्हटलं. एक काढून टाकण्याचा, एक फिल्मच्या संमतीचा. कुठलाही चालेल, आजींची सही हवी.

म्हणजे आईला सांगावं लागणार.

१३ डिसेंबर
कागद आले, कुरियरने, सोबत एक खोका भेट. कुरियरवाल्याला ओटीपी हवा होता. दिला. खोका उघडला नाही.

१५ डिसेंबर
वटारला जायचं होतं. गेले नाही. गुडघा.

१६ डिसेंबर
गुडघा बरा आहे. खोटं कशाला लिहू, इथे कोण तारे देतंय.

आई काय म्हणेल याची भीती वाटते. बासष्टाव्या वर्षी आईच्या माराची भीती वाटते. मारणार नाही ती, हेच वाईट.

फिल्टर अजून गळतोय. कंपनीचा मेसेज: 'तुमची तक्रार यशस्वीरीत्या सोडवली आहे.' टोप ओतून परत ठेवला.

२० डिसेंबर
गेले.

आई ओटीवर पानं निवडत होती. मी तीनदा सुरुवात केली. केळी कशी आली यंदा, सुरेशचा खोकला कसा आहे, थंडी पडली नाही. मग आईच उठली, आत गेली, पेटी उघडल्याचा आवाज. येऊन माझ्यापुढे पाकीट ठेवलं. पाकीट नव्हे, खोका. पांढरी रिबीन. फोडलेला.

"दसऱ्याच्या आधी एक बाई आली मुंबैची, माझ्यासंगं फोटो काढायला. तिनं दिला."

दसऱ्याच्या आधी! म्हणजे मी आणि सुरेश विहिरीपाशी कुजबुजत होतो तेव्हा, कुसुमताईंची जुडी माझ्या हाती सोपवली तेव्हा, सगळं हिला माहीत होतं.

"आई, तुला वाचता आलं?"

"मोतीबिंदू काढल्यापासून मना सुईपन ओवता येते."

मी म्हटलं फोटोचं बघते, काढायला लावते, पदर तर बघ कसा. ती म्हणाली, "पदराचं काय घेऊन बसलीस. चेहरा काय, येनारा-जानारा रोज बघतो. एक खाऊन बघितलं मी. साखरेच्या पान्यात बुडवलंय, ऊन लागलंच नाय त्याला." एक फाटकं पान बाजूला टाकलं. "पन ते हाताचं मी कोनाला सांगितलं नव्हतं. तुझ्या बापाच्या फोटोलापन नाय. तवाच कळलं, तू विहिरीवर होतीस."

मी रडले. माफी मागितली. ती जवळ आली नाही, लांबही गेली नाही. पानं निवडत होती.

"मना का नाय विचारलंस त्या दिशी? मी एकटीच होते ना."

विहिरीवरून मांडवापर्यंत वीस पावलं असतील. ती चालून गेले नाही, आणि नंतर परक्यांना सगळं लिहून पाठवलं.

मग कुसुमताईंचंही सांगून टाकलं. खोके, सून, फ्रिज, वॉचमन. वाटलं आता भडकेल. वॉचमनचं ऐकून म्हणाली, "त्यानं खाल्लं ना? वाया नाय गेलं." मग उठली, मांडवावरची सुकेळी चाचपून बघितली, त्यातली बारा वेगळी काढली.

"पहिली त्यांनी नेली. आता आपन दुसरी देऊ. कुसुमच्या हातात दे, आन ती खाईपरेंत बस तिथं."

२१ डिसेंबर
४०२. सून बाहेर गेली होती, देव पावला. कुसुमताईंच्या हातात जुडी दिली. त्यांनी आधी पान हुंगलं. मग गाठ बघितली, बोटाने फिरवून. "ही तुझ्या आईची गाठ." एवढंच. सोडली नाही गाठ, सोपट वरून सारून एक काढलं आणि हळूहळू खाल्लं. मी समोर बसले. सप्टेंबरपासून रडल्या नव्हत्या असं सून नंतर म्हणाली. आज रडल्या.

टीपॉयवरचे खोके तसेच. एकाचीही रिबीन सुटलेली नाही.

खाली उतरताना मेसेज. 'पहिली जुडी आपल्या प्रियजनांपर्यंत पोहोचली का? अनुभव सांगा.' यांना कोण सांगतं मी कुठल्या जिन्यावर आहे ते.

२९ डिसेंबर
वटारला दोन्ही कागद घेऊन गेले. आईपुढे ठेवले. हा काढायचा, हा फिल्मचा, सही इथे. पेन दिलं.

पेन घेतलं नाही. "वाच."

"आई, इंग्रजीत आहे. थोडक्यात सांगते."

"थोडक्यात नको. सगळं वाच. मागचं पन."

बसले. एक ओळ इंग्रजीत वाचायची, मग आईला कळेल असं सांगायचं. सुरेश चहा देऊन गेला, त्यालाही बसवलं. काढून टाकण्याच्या कागदात सातव्या कलमात लिहिलंय की आधी छापलेला माल संपेपर्यंत विकला जाईल, आणि 'गोष्ट' मात्र त्यांच्याकडेच राहील, ती चेहऱ्यात धरत नाहीत. म्हणजे आईचं तोंड परत मिळेल, हात नाहीत. फिल्मच्या कागदात लिहिलंय, सर्व माध्यमांत, सर्व प्रदेशांत, कायमस्वरूपी.

आई: "कायम म्हंजे? मी मेल्यावर पन?"

"हो."

"बरं." मांडवावर कावळा बसला होता, त्याला हाकललं. "आन मी मेल्यावर माझ्या वर्षाची पहिली जुडी कोन बांधनार? ते?"

सुरेश उठून गेला. मी म्हटलं, मी बांधीन. उचलली जीभ लावली टाळ्याला. मला केळं कधी उलटायचं तेसुद्धा माहीत नाही.

आईने दोन्ही कागद घडी करून तांब्याखाली ठेवले, सही न करता. ओलं केलेलं सोपट माझ्या हातात दिलं. "बांध."

बांधली. सुटली. परत बांधली. तिने बोटं धरून वळवून दाखवलं, तिचे हात थंड आणि चिकट. तिसऱ्यांदा टिकली असं वाटलं, तिने जुडी उचलून जरा हलवली, आणि सगळी सुकेळी ओटीवर.

पाकीटवाल्यांचा फोन दोनदा येऊन गेला. ह्यांना कळवलंय, चार दिवस इथेच राहते, फिल्टरखालचा टोप तुम्हीच ओता. आई म्हणते उद्या ऊन चढायच्या आत मांडवाशी ये. गाठ नंतर, आधी उलटायला शिक.